शेतकऱ्याचाही एक फोटो असावा

पंचनाम्याला गेलो की आम्ही पिकाचा फोटो काढतो, शेतकऱ्याचा नाही. पैठण तालुक्यातल्या एका घरी दहाव्याला हार घालायला फोटोच सापडेना. ओळखपत्रावरचा मोठा करून आणला, तर घरच्यांनाही ओळखू येईना.

तेव्हापासून माझा जुना रोलचा कॅमेरा पिशवीत असतो. त्याची ५० मिलिमीटरची लेन्स माझी लाडकी. तीन-चार पावलांवरून चेहरा आहे तसा येतो. मोबाईल तोंडाजवळ धरला तर नाक मोठं दिसतं. म्हणून मागं सरा, म्हाताऱ्याला लिंबाच्या सावलीत बसवा, "आबा, यंदा कापूस कसा?" असं विचारा. ते बोलू लागले की बटण दाबा.

आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल यांनी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला वर्षानुवर्षं रंगवल्या. १८६६ साली लंडनच्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. पण लेण्यांचे त्यांनी काढलेले फोटो १८६४ सालीच पुस्तकात छापले होते. ते आजही पाहायला मिळतात.

मोबाईल हरवतो, फुटतो. म्हणून फोटोच्या दोन प्रती कागदावर काढा. एक घरी लावा, एक लेकीकडे ठेवा.