डॅशबोर्डाखालचा कारभारी

बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गॅरेजच्या बोलीत बीसीएम, ही डॅशबोर्डाखाली ड्रायव्हरच्या पायाजवळ किंवा फ्यूज बॉक्सच्या मागे बसवलेली छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. इंजिनाचा कारभार ईसीएमकडे, म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूलकडे असतो. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉक, काचा आणि केबिनमधला दिवा हे बीसीएम सांभाळतो. बऱ्याच गाड्यांत किल्लीतली चिप ओळखून इंजिन सुरू व्हायला परवानगी देण्याचे, म्हणजे इमोबिलायझरचे, कामही त्याच्याचकडे असते.

जुन्या गाडीत वायपरचा करंट स्विचमधून किंवा फार तर रिलेमधून थेट मोटरला जायचा, त्यामुळे बिघाड वायरीचा माग काढत सापडायचा. आता स्विच फक्त निरोप देतो आणि करंट सोडण्याचे काम बीसीएम करतो. इतर मॉड्यूलशी तो कॅन नावाच्या, एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलतो. ही पद्धत बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे मांडली. तिच्यामुळे वायरींचे जंजाळ कमी झाले, पण बिघाडाचे रूप बदलले. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतो, दार बंद असूनही उघडे असल्याची खूण दिसते, रात्रीत बॅटरी उतरते. अशी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली की संशय बीसीएमवर जातो आणि फार वेळा तो चुकीचा ठरतो.

कोल्हापुरात या संशयाला पाण्याची जोड आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला आणि शाहूपुरीसारख्या सखल भागांत दारात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. बीसीएम भिजायला गाडी पूर्ण बुडावी लागत नाही. पाणी उंबरठा ओलांडून आत आले की गालिचा भिजतो आणि त्याखालून जाणाऱ्या वायरींच्या तारांमधून ओल वातीतल्या तेलासारखी वर चढते. बॅटरी जोडलेलीच राहिली असेल तर कपलरमधल्या ओल्या पिनांमधून करंट झिरपतो आणि तांबे खात राहतो. गाडी धुऊन वाळवून सुरू होते, मालक सुटकेचा श्वास टाकतो, आणि पुढे काही महिन्यांनी मध्यरात्री हॉर्न आपोआप वाजू लागतो. म्हणून पुरातून काढलेल्या गाडीला किल्ली लावण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवणे हे पहिले काम.

दुसरा शत्रू उंदीर. उसाच्या शेताकडेला किंवा गोठ्याशेजारी लावलेल्या गाडीत कुरतडलेली वायर सापडणे नवे नाही, आणि कुरतडलेल्या कॅनच्या वायरीची लक्षणे मेलेल्या बीसीएमसारखीच दिसतात.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून होते. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल पाहावीत, कारण कमी व्होल्टेजवर शाबूत मॉड्यूलही बावचळते. त्यानंतर बीसीएमला सप्लाय देणारे फ्यूज तपासायचे. एका बीसीएमला बहुधा अनेक फ्यूजमधून सप्लाय येतो, म्हणून एक फ्यूज शाबूत दिसला म्हणून थांबता येत नाही. फ्यूज डोळ्यांनी न पाहता दोन्ही टोकांवर टेस्ट लॅम्प लावून तपासला की फसगत होत नाही.

मग अर्थिंग. सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतात आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. ड्रायव्हरच्या डाव्या किंवा उजव्या पायाजवळचे प्लास्टिक काढले की बॉडीच्या पत्र्यावर आवळलेला एक बोल्ट दिसतो. त्याच्याखाली काळ्या वायरींची दोन-तीन टोके एकावर एक असतात. पूर पाहिलेल्या गाडीत या टोकांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड असते आणि बोल्टाच्या आट्यांत नदीचा वाळलेला बारीक गाळ. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बीसीएमच्या अर्थ पिनेवर धरायची. मीटरने 0.1 व्होल्टपेक्षा बरेच जास्त दाखवले तर करंटला परतीची वाट मोकळी नाही. मग तो भलत्याच दिव्यातून वाट काढतो. ब्रेकबरोबर लुकलुकणारा इंडिकेटर हे त्याचेच लक्षण. पत्रा घासून लखलखीत केला, टोके साफ करून बोल्ट आवळला, की हजारो रुपयांचा वाटणारा बिघाड सँडपेपरच्या तुकड्यावर निघतो.

स्कॅनर यानंतर. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या पोर्टला तो जोडला की बीसीएम उत्तर देतो का हे कळते. इतर मॉड्यूल यू0140 हा कोड देत असतील तर त्याचा अर्थ एवढाच की त्यांना बीसीएमचा आवाज येत नाही. तो मेला आहे असे हा कोड म्हणत नाही. बॅटरी सोडवून पोर्टच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये सुमारे 60 ओहम मिळाले तर कॅनची मुख्य जोडी शाबूत असण्याची शक्यता मोठी. 120 मिळाले तर बहुधा कुठेतरी वायर तुटली आहे, शून्याजवळ मिळाले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. पोर्ट आणि आतले जाळे यांच्यामध्ये गेटवे मॉड्यूल बसवलेल्या गाडीत मात्र पोर्टवरच्या या मापावरून आतल्या जाळ्याचा अंदाज येत नाही. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून स्विच दाबावा. स्विचचा निरोप पडद्यावर दिसतो, बीसीएमकडून बाहेर जाणाऱ्या पिनेवर करंट येत नाही, आणि सप्लाय, अर्थ व कॅन तिन्ही ठीक आहेत, एवढे जमल्यावरच बीसीएमवर बोट ठेवता येते.

लेथ, ऑइल इंजिन आणि ओतकामावर वाढलेल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वस्तू टाकण्याआधी ती उघडून पाहण्याची सवय जुनी आहे. बीसीएमच्या बाबतीतही ती उपयोगी पडते. चिकटलेला रिले किंवा तडकलेले सोल्डर नीट सोल्डरिंगने दुरुस्त होते. पाण्याने बोर्डाचे आतले थर खाल्ले असतील तर मात्र दुरुस्ती टिकत नाही, आणि इमोबिलायझर सांभाळणाऱ्या बोर्डावर हात चालवण्याआधी त्याच्या मेमरीतली माहिती काढून ठेवावी लागते.

बदलायचाच ठरला तर जुन्या बीसीएमचे कॉन्फिगरेशन आधी स्कॅनरने उतरवून घ्यावे. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या गाडीतले बीसीएम दिसायला सारखे असतात. फरक लेबलवरच्या पार्ट नंबरात असतो आणि शेवटच्या अक्षरापर्यंत तो जुळावा लागतो. जुन्या बाजारातला बीसीएम स्वस्त पडतो, पण तो आधीच्या गाडीच्या चेसिस नंबराशी आणि किल्ल्यांशी बांधलेला असेल तर नव्या गाडीत तो इंजिन सुरू होऊ देणार नाही. पैसे मोजण्याआधी हे विचारून घ्यावे.

जुना बीसीएम काढण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे, कारण शेजारीच एअरबॅगची वायरिंग असते. कपलर वायरीला धरून न ओढता लॉक दाबून काढावेत, आणि कपलरच्या पिना हिरव्या असतील तर त्या बदलल्याशिवाय नवा बीसीएम बसवू नये. नाहीतर तोही त्याच वाटेने जाईल. उतरवलेले कॉन्फिगरेशन नव्या बीसीएममध्ये भरताना, म्हणजे कोडिंग चालू असताना, बॅटरीला स्थिर सप्लाय जोडावा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर नवा भाग तिथेच निकामी होऊ शकतो. किल्ल्यांच्या मॅचिंगसाठी बहुतेक गाड्यांना सुरक्षा कोड लागतो, आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या एकाच वेळी हजर असाव्यात. एका झटक्यात वर जाणाऱ्या काचांना त्यांची हद्द पुन्हा शिकवावी लागते.

शेवटी दारे बंद करून, किल्ली गाडीपासून लांब ठेवून, निगेटिव्ह टर्मिनलच्या मालिकेत मीटर लावावा. आकडा सुरुवातीला काही अँपिअर असतो. एकेक मॉड्यूल झोपी जाते तसा तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, आणि अर्ध्या तासाच्या आसपास 50 मिलिअँपिअरच्या खाली जाऊन स्थिरावला की गाडी मालकाच्या हाती द्यावी.