सर्दी गेली, हार्ट दमलं!

जून २०२१. पुण्यात दुसरी लाट ओसरत होती. मी कॅमेरा बंद, माइक म्यूट करून एका कंटाळवाण्या झूम मीटिंगमध्ये चहा पीत बसले होते. तेवढ्यात ताईचा, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा फोन. "पिल्लूचा ताप तीन दिवस उतरतच नाहीये गं. पोट दुखतंय म्हणून रडतोय."

पिल्लू म्हणजे माझा सात वर्षांचा भाचा, एक नंबरचा उचापत्या. तो निपचित पडून राहिलाय म्हणजे मामला गंभीर होता.

ताई-भावजी दोघंही मे महिन्यात कोरोना पॉझिटिव्ह होऊन गेलेले. पिल्लूचं फक्त एक दिवस नाक वाहिलं होतं, बस्स! त्यामुळे महिन्याभरानंतरच्या या तापाशी त्याचा संबंध जोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्या डॉक्टरांना अपेंडिक्सची शंका आली. खरं सांगू? मी त्यांना दोष देत नाही. ताप, उलट्या, पोटदुखी म्हटल्यावर कुणीही आधी तिकडेच बघेल. पण चौथ्या दिवशी डोळे लालभडक, अंगावर पुरळ, हात-पाय गार. मग मात्र रात्रीच मोठं हॉस्पिटल गाठलं.

आरटी-पीसीआर निगेटिव्ह, अँटीबॉडीज पॉझिटिव्ह. त्यानंतर टूडी इको. हृदयाची पंप करण्याची ताकद ३५ टक्के. ती साधारण ५५ च्या वर असायला हवी. आजाराचं नाव एमआयएस-सी.

म्हणजे नेमकं काय? विषाणू निघून गेलेला असतो, पण त्याच्याशी लढणारी शरीराची फौज थांबायचं नावच घेत नाही. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी ती आपल्याच अवयवांवर उलटते. हृदयाचा स्नायू सुजतो, बीपी घसरतं, काही मुलांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या फुगतात. एप्रिल २०२०मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी यावर पहिला इशारा दिला आणि थोड्याच दिवसांत मुंबईतही अशी मुलं दिसू लागली. आधी सगळ्यांना वाटलं, हा कावासाकी आजारच! जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६७मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. (योगायोग बघा, ते स्वतः जून २०२०मध्ये, ९५व्या वर्षी गेले.) पण कावासाकी बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. इथे मुलं मोठी होती, आणि पोट व हृदयाचा स्नायू जास्त सापडत होते.

औषध काय, तर आयव्हीआयजी आणि स्टेरॉइड्स. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बनतं. किलोमागे दोन ग्रॅम. पिल्लूचं वजन २२ किलो, म्हणजे पाच ग्रॅमच्या नऊ बाटल्या! एकेक बाटली हजारोंच्या घरात. भावजी मेडिकल स्टोअर्सना फोन लावत होते, मी मित्रांकडून जीपेवर पैसे गोळा करत होते. ज्या ऑफिसच्या ग्रुपवर फक्त मीम्स पडायचे, तिथून वीस मिनिटांत तीन बाटल्यांचे पैसे आले. थेंब-थेंब करत ते औषध रात्रभर चाललं. आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीत ताई मॉनिटरचा आवाज मोजत बसलेली.

दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मॅगी मागितली!

घरी सोडताना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनचा छोटा डोस दिला. (डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नका, व्हायरल तापात तर नाहीच.) सहा महिने पळापळ, फुटबॉल बंद. सहा आठवड्यांनंतरचा इको नॉर्मल आला. बहुतेक मुलांचं हृदय असंच सावरतं. मुळात हा आजार दुर्मीळ. संसर्ग झालेल्या साधारण तीन हजार मुलांमागे एक, असा अमेरिकेतला सुरुवातीचा अंदाज होता आणि ओमायक्रॉननंतर तो आणखीच कमी झाला. पण मुलाला व्हायरल होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा चढा ताप आला, सोबत लाल डोळे, पुरळ, पोटदुखी किंवा धाप असेल, तर वीकेंड संपायची वाट बघू नका.

पिल्लू आता सोसायटीच्या टीमचा गोलकीपर आहे. गेल्या महिन्यात त्याला साधा ताप आला, तर ताई रात्री दोनदा टॉर्च घेऊन त्याचे डोळे बघायला गेली.

"मम्मा, झोपू दे ना," तो वैतागून म्हणाला. "नॉर्मलवाला ताप आहे!"