डोंगरउतारावरील खडकाळ जमीन : तिचे गुण, दोष व जोपासना

आमच्या जिल्ह्यात जमिनीची पारख तिच्या काळेपणावरून करण्याची चाल आहे. भारी काळे रान ज्याच्याकडे त्याचे नाव गावात मानाने घेतले जाते; आणि वाटणीत डोंगरउताराचे बरड आले तर 'नशिबी दगड आले' असे म्हणून लोक हळहळतात. महसूल खात्यात कारकुनी करीत असता अशा रानापुढे 'पोटखराब' हा शब्द आम्ही शेकडो वेळा लिहिला. पण लिहिताना त्याच्या अर्थाचा विचार कधी केला नाही. निवृत्त होऊन युसूफ वडगावास राहू लागल्यावर धारूरकडील डोंगरात हिंडण्याचे प्रसंग वारंवार आले, आणि तेव्हा उमगले की, ज्या जमिनीस आपण सरसकट खराब म्हणतो ती केवळ वेगळ्या स्वभावाची आहे. तो स्वभाव न ओळखता तिच्याकडून काळ्या रानाचे काम करून घेऊ लागलो, म्हणजेच ती खरोखर खराब होते. सबब तिच्याविषयी चार गोष्टी शेतकरी बंधूंपुढे मांडण्याचे योजिले आहे.

या जमिनीची घडण

धारूरच्या घाटात रस्त्याकरिता डोंगराची दरड कापलेली आहे. तेथे घटकाभर थांबून वरून खाली नजर फिरवावी. सर्वांत वर वीतभर तांबूस-भुरी माती, तीतही निम्मे गोटे, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली हाताने फुटणारा कुजका दगड, आणि तळाशी अखंड काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेला व निवून घट्ट झालेला लाव्हारस होय. त्याचे थर एकावर एक साचल्यामुळे आमचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ या पाषाणास 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्दही स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे.

आता कोणी पुसेल की, खालची काळी माती जर याच दगडाची झाली, तर वर ती का नाही? याचे उत्तर उतारात आहे. दगड वरही कुजतो आणि खालीही कुजतो. परंतु चढावर कुजून झालेला बारीक कण तेथे ठरत नाही. पावसाचे पाणी त्यास उचलून खाली नेते व जड खडा मागे राहतो. तो बारीक कण, आणि दगडातून विरघळलेला चुना व मॅग्नेशियम, हे सर्व खोऱ्यात साचून तेथे फुगणारी, भेगाळणारी चिकण काळी माती बनते. यास्तव माथ्यावरील बरड व नदीकाठचे काळे रान ही दोन निराळी कुळे नव्हेत. ती एकाच खातेवहीतील नावे व जमा या दोन बाजू आहेत. वरच्याचे जे नावे पडले, तेच खालच्याचे जमा झाले.

गुण व दोष

या जमिनीचा पहिला गुण म्हणजे निचरा. कितीही मोठी सर आली तरी तिच्यात पाणी तुंबत नाही. मुळांस हवा मिळते व ती कुजत नाहीत. भारी रानात पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाऊल घालता येत नाही. येथे पाऊस उघडताच दुसऱ्या दिवशी वखर चालतो. जमीन चोपण किंवा चिबड होण्याचे भय जवळपास नाही. मुरमाच्या फटींतून झाडाचे मूळ पुष्कळ खोलवर जाते. त्याच फटींतून मुरणारे पाणी पायथ्याच्या विहिरींस झऱ्याच्या रूपाने पोहोचते, हेही विसरता कामा नये.

दोष मात्र तितकेच ठळक आहेत. हिशेब करून पाहू. नऊ इंच मातीत निम्मे गोटे धरले तर खरी माती साडेचार इंचच उरली. अशा हलक्या मातीत पिकास उपयोगी पडेल असे पाणी फुटामागे सुमारे एक इंच राहते. म्हणजे येथे शिल्लक अर्ध्या इंचाहूनही कमी, सुमारे १० मिलिमीटर. उघडीप पडली की पीक दिवसास ४ मिलिमीटरच्या आसपास पाणी ओढते. म्हणजे अडीच-तीन दिवसांत शिल्लक संपली! उलट तीन फूट खोल काळ्या जमिनीत सहा इंच पाणी सहज साठते व त्या ओलीवर रब्बीची ज्वारी निघते. जिल्ह्याचा पाऊस वर्षास सरासरी सुमारे २६ इंच आहे, पण तो पावसाळ्यात सारखा वाटून पडत नाही. म्हणून उताराच्या रानात पेरलेले पीक पंधरा दिवसांच्या उघडिपीत माना टाकते. पाण्याबरोबर नत्रही झिरपून जाते, सबब खत एकदम न घालता थोडेथोडे घालावे लागते.

सर्वांत मोठा दोष धुपीचा. एका हेक्टरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीची माती गेली तरी ती सुमारे १३ टन भरते. डोळ्यांस हा फरक दिसतही नाही. ही माती नव्याने तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, आणि जाण्यास वळवाचे दोन पाऊस पुरतात.

काय लावावे

ज्यास मूळ खोल नेता येते व पाय ओले राहिलेले खपत नाहीत, असे झाड या जमिनीचे खरे सोयरे. आमच्या बालाघाटात ते सोयरे आपोआप आलेले आहे. सीताफळ हे मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील झाड; परंतु धारूरच्या डोंगरात ते असे रुजले की आता तेथलेच वाटते. २०१६ साली बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाई येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र असून 'धारूर-६' हा निवड वाण तेथलाच. शेळी याच्या पाल्यास तोंड लावीत नाही, ही गोष्ट ज्यांच्या रानास कुंपण नाही त्यांनी मनात धरावी. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन पाच-पाच मीटरांवर लावल्यास एकरी सुमारे १६० झाडे बसतात. पहिले दोन उन्हाळे मात्र हाताने पाणी घालून काढावे लागतात. फळ काढल्यावर तीन-चार दिवसांत पिकते. म्हणून लागवडीपूर्वीच विक्रीची वाट पाहून ठेवावी, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

जेथे उतार सौम्य आहे तेथे हुलगा, मटकी, कारळे, बाजरी ही पिके घ्यावीत. जेथे शंभर फुटांत पंधरा फुटांहून अधिक चढ आहे तेथे औत घालूच नये. तेथे पवना, मारवेल यांसारखे गवत व मधून झाडे, हेच पीक समजावे. रानात कुसळीच कुसळी माजलेली दिसली, तर चराई व वणवा यांनी रान थकले असे जाणावे.

जोपासना

काम नेहमी माथ्याकडून सुरू करावे. खाली कितीही भक्कम बांध घातला आणि वरचे पाणी मोकळे सोडले, तर तो एका पावसात फुटतो. समपातळी धरण्यास मोठ्या यंत्राची जरुरी नाही. दोन बांबूंची चौकट करून तिला ओळंबा लावला की घरच्या माणसासही रेषा आखता येते. त्या रेषेवर दोन फूट रुंद व एक फूट खोल चर घ्यावा. असा शंभर फूट चर एका वेळी सुमारे साडेपाच हजार लिटर पाणी अडवितो. चराची माती खालच्या बाजूस टाकून तीवर गवत लावावे.

रानातील दगडांविषयी एक गैरसमज फार आहे. आमच्या पाहण्यातील एका कष्टाळू गृहस्थाने यंत्र लावून उतारावरील सगळा दगड वेचून काढला व रान आरशासारखे केले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची माती ओढ्यात गेली आणि उघडा मुरूम हाती राहिला. मातीवर पसरलेला लहान गोटा पावसाच्या थेंबाचा मार स्वतः खातो व उन्हात ओल झाकून ठेवतो. तो राहू द्यावा. औतास अडणारा मोठा दगड तेवढा काढून समपातळीत रचावा. तलावातील गाळ आणून टाकणे उत्तम. शासनाने २०१७ पासून त्याची योजनाही काढली. परंतु बांध नसलेल्या उतारावर गाळ टाकणे म्हणजे तो पुन्हा तलावात पोहोचविणे होय.

हे का करावयाचे?

दसरा-दिवाळी झाली की आमच्या केज-धारूरकडील कित्येक कुटुंबे घरास कुलूप लावून ऊसतोडीस जातात. त्यांतील पुष्कळांच्या नावे जमीन आहे. पण ती उतारावरची व वीतभर मातीची. ती माती आणखी दोन बोटे उतरली, तर परतण्यास कारणच उरणार नाही. खालच्यांनीही निश्चिंत राहू नये. बालाघाटाच्या दक्षिण उताराचे पाणी मांजरेस मिळते व धनेगावच्या धरणात साठते. २०१६ च्या एप्रिलात ते धरण कोरडे असता लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले. डोंगरात न मुरलेले पाणी दोन दिवसांत धावून जाते आणि जाताना धरणात गाळ ठेवून जाते.

शेवटी दप्तरासंबंधी एक सूचना. पोटखराब क्षेत्रावर पीककर्ज, नुकसानभरपाई वगैरे मिळण्यास अडचण पडते. २०१८ साली नियमांत दुरुस्ती होऊन, वर्ग 'अ' पोटखराबाचे जे क्षेत्र मालकाने मेहनतीने लागवडीखाली आणले असेल ते लागवडीयोग्य म्हणून नोंदवून त्याची आकारणी करण्याची वाट मोकळी झाली आहे. ज्यांनी बांध-चर घालून फळझाडे उभी केली असतील, त्यांनी तलाठ्याकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. मात्र केवळ नोंद बदलावी म्हणून तीव्र चढ नांगरू नये.

जो शब्द आम्ही इतकी वर्षे निर्विकारपणे लिहिला, तो एखाद्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावरून त्याच्या श्रमाने पुसला गेलेला पाहण्याची आमची इच्छा आहे. इतके लिहून हा लेख पुरा करतो.