बीजगणिताची ओळख : लेखांक ७
गुऱ्हाळाचा नफा आणि कंसापूर्वीचे वजाचिन्ह

बेरजेच्या चिन्हामागील कंस काढला असता आतील पदांना धक्का लागत नाही, हे मागील लेखांकात आपण पाहिले; वजाबाकीत मात्र सारी भिस्त त्या कंसावरच असते, आणि त्याचा अर्थ व्यवहारातून जितका स्पष्ट होतो तितका नुसत्या नियमातून होत नाही.

कोल्हापूरकडील एखाद्या गुऱ्हाळात हप्त्याला क्ष क्विंटल गूळ निघतो असे समजू. येथील आकडे केवळ उदाहरणापुरते योजले आहेत. आवक वाढली की भाव उतरतो, म्हणून क्विंटलचा भाव (४००० − १०क्ष) रुपये धरला, तर जमेची रक्कम −१०क्ष² + ४०००क्ष होते. खर्चात चरकाचे भाडे आणि गुळव्याचा ठरीव मोबदला मिळून ३०,००० रुपये, गूळ निघो वा न निघो, द्यावेच लागतात. ऊस, हमाली, तोलाई यांचे क्विंटलमागे २,४०० पडतात. आणि चुलवाण एकदा तापल्यावर काहिलीमागून काहील चढविताना जळणात जी बचत होते, ती २क्ष² मानू. एकूण खर्च −२क्ष² + २४००क्ष + ३०,००० झाला.

नफा म्हणजे जमेतून खर्च वजा जाता उरलेली बाकी :

(−१०क्ष² + ४०००क्ष) − (−२क्ष² + २४००क्ष + ३०,०००)

पुष्कळ विद्यार्थी येथे पहिल्याच पदाचे चिन्ह पालटतात आणि पुढील पदे जशीच्या तशी उतरवून −८क्ष² + ६४००क्ष + ३०,००० असे उत्तर काढतात. त्यात क्ष = ५० घालून पाहावे : नफा ३,३०,००० रुपये येतो, आणि गूळ विकून मुळी जमा झालेली रक्कम तर अवघी १,७५,०००! जमेहून नफा अधिक दाखविणारा हिशेब कोणताही कारकून मान्य करणार नाही. कंस खर्चाच्या सर्व बाबी एकत्र बांधतो, तेव्हा वजा व्हावयाचे ते सर्वच. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातील आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात हीच रीत घालून दिली आहे : जी राशी वजा करावयाची ती धन असल्यास ऋण आणि ऋण असल्यास धन करावी, आणि मग बेरीज करावी. ऋण राशी ओळखण्यासाठी ते अंकाच्या डोक्यावर टिंब देत.

तदनुसार सजातीय पदे एकत्र केली असता नफा −८क्ष² + १६००क्ष − ३०,००० येतो. जळणाची बचत खर्चात उणी होती, ती येथे अधिक होऊन भावाच्या उताराने झालेला तोटा दहावरून आठवर आणते. एकेका संख्येची वजाबाकी करीत बसणाऱ्याला हा संबंध कधीच दिसला नसता. क्ष = ५० असता नफा ३०,००० रुपये, आणि १,७५,००० तून १,४५,००० खर्च वजा केला तरी तेवढेच उरतात. वीस क्विंटलांवर मात्र १,२०० रुपयांचा तोटा येतो, एकविसाव्याने ७२ रुपये हाती लागतात. तोटा संपून नफा सुरू होण्याची ही सीमा समीकरणाने नेमकी कशी काढावी, ते पुढील लेखांकी पाहू.