दीर्घिकासमूहाच्या पोटात काय दडलंय?

दीर्घिकासमूहाच्या एकूण वस्तुमानात कृष्णद्रव्य सुमारे 85 टक्के. उरलेल्यातही मोठा वाटा तप्त वायूचा. तारे जेमतेम दोन-चार टक्के. फ्रिट्झ झ्विकीने 1933 मध्येच कोमा समूहात या न दिसणाऱ्या द्रव्याचा माग काढला होता. ते आहे हे आता बहुतेकांना मान्य आहे; वाद आहे तो केंद्रापाशी ते किती दाटलेलं आहे, याचा.

नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांच्या संगणकीय प्रारूपानुसार गाभ्यात केंद्रापासूनचं अंतर निम्मं झालं की घनता साधारण दुप्पट होते. प्रत्यक्षात हे तपासणं मोठं किचकट, कारण नेमकी तिथेच एक अवाढव्य दीर्घिका ठाण मांडून बसलेली असते. तिच्या ताऱ्यांचं वजन वेगळं काढायचं कसं? एबेल 383 या समूहात तीन पुरावे एकत्र जुळवले गेले: मागच्या दीर्घिकांच्या वाकून कमानीसारख्या दिसणाऱ्या प्रतिमा, मधल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे केक दुर्बिणीने मोजलेले वेग आणि तप्त वायूचे क्ष-किरण.

निष्कर्ष असा निघाला की, ताऱ्यांचा वाटा वजा केल्यावर कृष्णद्रव्याची घनता केंद्राकडे वाढते खरी, पण प्रारूप सांगतं त्याहून संथपणे. कदाचित मधल्या दीर्घिकेत येऊन विलीन होणाऱ्या लहान दीर्घिकांनी गाभ्यातलं कृष्णद्रव्य ढवळून बाहेर ढकललं असेल. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळत असतील, हीही एक शक्यता. मला मात्र पहिलं स्पष्टीकरण अधिक पटतं, कारण त्यासाठी नवं भौतिकशास्त्र लागत नाही.