तनखे एका सहीने गेले नाहीत

सावंतवाडीत मोती तलावाकाठच्या राजवाड्याकडे बोट दाखवून हमखास सांगितले जाते, ‘इंदिरा गांधींनी एका सहीत राजांचे तनखे बंद केले.’ तसे घडले नाही.

गैरसमज : दिल्लीच्या मनात आले की झाले.

सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे संस्थानिक शिवरामराजे भोसले पुढे आमदार झाले, तरी घटनेच्या लेखी ते संस्थानिकच होते. विलीन झालेल्या राजांना सरकारकडून मिळणाऱ्या तनख्यांची हमी घटनेच्या २९१व्या कलमात होती. ती काढायला घटनादुरुस्ती हवी. १९७० मध्ये तसे विधेयक लोकसभेत मंजूर झाले. ५ सप्टेंबरला राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. दोन तृतीयांशासाठी १५० लागत होती. विधेयक पडले.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या सहीने देशातल्या सगळ्या संस्थानिकांची मान्यता एकदम काढून घेण्यात आली. संसदेने जे दिले नाही, ते सरकारने आदेश काढून मिळवू पाहिले. या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच. १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने नऊ विरुद्ध दोन मतांनी तो आदेश रद्द केला. राजाला मान्यता देण्याच्या अधिकारातून संस्थानिकांचे पदच सरसकट मोडीत काढता येत नाही आणि ब्रिटिशांची अधिसत्ता भारत सरकारला वारशाने मिळालेली नाही, असे बहुमताने ठरवले.

गैरसमज : म्हणजे कोर्टाने राजांचे तनखे वाचवले.

जेमतेम वर्षभर. १९७१ च्या निवडणुकीत मोठे बहुमत मिळाल्यावर २६वी घटनादुरुस्ती झाली आणि २८ डिसेंबर १९७१ पासून तनखे रीतसर संपले. ते संपायलाच हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण लोकांनी निवडलेल्या संसदेकडूनच.

गैरसमज : घटनादुरुस्ती केली की काहीही करता येते.

२४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेनेही धक्का लावायचा नाही, असे सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले. याच मुद्द्यावर कुरुंदवाडच्या संस्थानिकांनी २६व्या दुरुस्तीला आव्हान दिले होते. १९९३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. तनखे त्या चौकटीचा भाग नव्हते.

सरकारला नुसत्या आदेशाने हक्क काढून घेता येत नाहीत, ही मर्यादा केवळ राजांच्या कामाची नाही. जमिनीची सरकारी नोटीस घरी आली, तर ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढली आहे, ते आधी विचारा. घटनेच्या ३००-अ कलमानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही.