कारखान्यातून पडद्यावर

शांतारामबापूंचे नाव निघाले की लोकांना ‘प्रभात’ची तुतारी आठवते. आम्हांला आधी हुबळीचा रेल्वे कारखाना आठवतो. कोल्हापूरकडचा हा मुलगा, जन्म १९०१ चा. दिवसा तेथे राबे आणि दिवस मावळल्यावर सिनेमागृहाच्या दाराशी उभा राही. १९२० साली तो बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरला आणि पडेल ते काम करीत धंदा शिकला.

१९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात त्यांनी शेतकरी रंगविला. सावकार खोट्या कागदाने जमीन गिळतो. शेतकरी शहर गाठून गिरणीकामगार होतो. रत्नागिरीकरांना हे वेगळे सांगायला नको. आपलीही माणसे बोटीत बसून गिरणगावात गेलीच ना! देवादिकांच्या पटांची चलती असता असले चित्र काढायला छाती लागते. ते श्रेय पेंटरांचे. पण त्या शेतकऱ्याला चेहरा दिला तो शांतारामांनी.

पुढे १९२९ साली भागीदारांसह ‘प्रभात’, आणि १९४२ साली परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूतच, ‘राजकमल’. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चे दिग्दर्शक तेच, नायकही तेच. सहा खुनी कैदी, उघडे माळरान आणि हाताला काम, बेड्या नाहीत. त्यातली बैलाशी झुंज त्यांनी बदली माणसावर न सोपवता स्वतः केली आणि डोळ्यांना जबर इजा करून घेतली.